आधी कापड बघ, मशीन नंतर

पत्र: "ताई, मी आणि माझा मित्र मिळून कपड्यांचा छोटा ब्रँड सुरू करतोय. पहिला लॉट १०० टी-शर्टचा, सगळे काळे, ओव्हरसाइज, २४० जीएसएम (चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाचं) कॉटन. डिझाइन ५ आहेत. तीन नुसती पांढरी अक्षरं, एक छातीवरचा छोटा दोन रंगांचा लोगो आणि एक पाठीवर मोठं फुल कलर पेंटिंग. पुढे पॉलिस्टरच्या जर्सी पण करायच्यात. तीन प्रिंटरकडे जाऊन आलो, एक म्हणाला स्क्रीन, एक डीटीएफ, एक डीटीजी, आणि प्रत्येकजण म्हणतो दुसऱ्याचं टिकत नाही. मित्र म्हणतोय आपणच डीटीएफचं मशीन घेऊ. पैसे एकदाच लावता येतील एवढेच आहेत. ब्रँडसाठी एकच मेथड ठरवायची तर कुठली?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते, स्क्रीन म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई ओढून छापणं, डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून ती कापडावर दाबणं आणि डीटीजी म्हणजे मशीननं थेट कापडावर छापणं. तिघांपैकी कोणी तुला फसवलं असेल असं मला वाटत नाही, ज्याच्याकडे जे मशीन आहे त्याला सगळी कामं त्याच मशीनची दिसतात आणि तिघांचंही काम चांगलं असू शकतं. पण ब्रँडसाठी एकच मेथड हवी हे तुम्ही कुठून घेतलंत? तशी गरजच नाहीये. मेथड ठरते कापडावरून, डिझाइनवरून आणि एका डिझाइनचे किती नग काढायचेत त्यावरून, आणि या तिघांत पहिला मान कापडाचा. मोठमोठे ब्रँडसुद्धा एकाच कलेक्शनमध्ये दोन-तीन प्रकारचं प्रिंटिंग वापरतात, गिऱ्हाईकाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला एवढंच कळतं की धुतल्यावर प्रिंट राहिलं का गेलं.

कापडाचा मान पहिला का म्हणते ते सांगते, कारण ते मला महाग पडून कळलंय. सुरुवातीच्या काळात आम्ही ४० हुडी काढल्या होत्या, लाल भडक, त्यावर पांढरी अक्षरं, स्क्रीन प्रिंट. प्रिंट होऊन आल्या तेव्हा इतक्या छान दिसत होत्या की मी एक उघडून बराच वेळ नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी पॅकिंगला बसलो, खोका उघडला, तर अक्षरं पांढरी नाहीत, फिकट गुलाबी. सगळ्याच नाहीत, वरच्या दोन-तीन ठीक होत्या आणि गठ्ठ्याच्या मधल्या सगळ्यात जास्त गुलाबी. शाई खराब आली असं वाटून प्रिंटरशी खूप वाद घातला आणि मग हळूहळू उलगडलं की हुडीच्या कापडात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर होतं आणि आम्ही ते ना विचारलं होतं ना त्याला सांगितलं होतं. पॉलिस्टर ज्या रंगानं रंगवतात तो डिस्पर्स डाय असतो, तो जोरात तापला की त्याची वाफ होते आणि ती वर येऊन शाईत मुरते. माल गरम असतानाच एकावर एक रचून खोक्यात भरला होता, मधल्यांना निवायला वावच मिळाला नाही म्हणून त्या जास्त बिघडल्या. याला डाय मायग्रेशन म्हणतात आणि याची वाईट खोड म्हणजे ते लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतं, तोवर माल गिऱ्हाईकाकडे गेलेला असू शकतो.

म्हणून तुझं पहिलं काम, टी-शर्टवाल्याला विचार की १०० टक्के कॉटन म्हणजे खरंच १०० टक्के का. शंका आली तर शिवणीच्या आतला एखादा धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघ, कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब, ताटलीवर कर, घाईत नको. आणि नुसतं कॉटन पुरत नाही, कोंब्ड आहे का, बायोवॉश केलेलं आहे का तेही विचार. कोंब्ड म्हणजे सुतातले आखूड तंतू विंचरून काढलेले, बायोवॉश म्हणजे कापडावरची लव एन्झाइमनं काढलेली. याचा प्रिंटशी काय संबंध असं वाटेल, पण खूप आहे. पाच-सहा धुण्यांनंतर प्रिंट फिकं पडलं अशी तक्रार येते ना, त्यातल्या कितीतरी वेळा शाई उडालेलीच नसते. भिंगातून बघितलंस तर दिसेल, कापडाचे बारीक तंतू शाईच्या थरातून वर डोकावत असतात, काळ्या टी-शर्टवर काळे तंतू, त्यामुळे पांढरं प्रिंट धुरकट, राखाडी दिसायला लागतं. चांगल्या गुळगुळीत कापडावर हे खूप कमी होतं. त्यामुळे प्रिंटवर जास्त खर्च करून कापडात वाचवायचं असा विचार चालू असेल तर तो आत्ताच सोड.

आता नग. तू म्हणतोस १०० टी-शर्ट. पण ५ डिझाइन म्हणजे प्रत्येकी २०, आणि प्रिंटरच्या दृष्टीनं तुझं काम १०० चं नाहीच, २०-२० ची पाच वेगळी कामं आहेत. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, तिच्यावर इमल्शन (उजेडानं कडक होणारा लेप) लावायचं, सुकवायचं, उजेडाखाली एक्स्पोज करायचं, धुवायचं, मग मशीनवर रजिस्टर, म्हणजे फ्रेमची नेमकी जागा, जुळवायचं, ही सगळी मेहनत पहिला टी-शर्ट निघायच्या आधीची आहे, मग तू एक काढ नाहीतर हजार. डीटीएफला ही तयारी जवळजवळ नाही, फाइल टाकली की फिल्मवर प्रिंट, पण दर नगाचा खर्च जास्त, आणि तो नग वाढले म्हणून फारसा उतरत नाही. तर हिशेब असा मांड की तयारीचा एकूण खर्च घे आणि त्याला, डीटीएफचा एका नगाचा रेट वजा स्क्रीनचा एका नगाचा रेट, या फरकानं भाग. जो आकडा येईल त्याच्या पुढे स्क्रीन स्वस्त. समजा एका फ्रेमची तयारी ६००, स्क्रीनचं प्रिंट नगाला ३०, डीटीएफचं ६०, तर ६०० भागिले ३० म्हणजे २० नग. हे आकडे नुसते हिशेब कळावा म्हणून घेतलेत, खरे रेट तुझ्या प्रिंटरकडून घे आणि डिझाइनगणिक लिहून काढ.

या हिशेबात नवीन लोक हमखास एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे काळ्या कापडावर कुठलाही उजळ रंग थेट उमटत नाही, खाली आधी पांढऱ्याचा थर लागतो, अंडरबेस. म्हणजे एक रंगाचं पिवळं डिझाइन असेल तर ते दोन फ्रेमचं काम झालं. तुझी अक्षरं पांढरीच आहेत हे खरं तर नशीब, एकाच फ्रेममध्ये भागतं, एक हात मारायचा, फ्लॅशखाली (वरून उष्णता देणाऱ्या हीटरखाली) वरवर सुकवायचा, मग त्याच फ्रेमनं दुसरा हात. एका हातात काळ्यावर पांढरा बसत नाही, खालचा काळा डोकावत राहतो, म्हणून रेट विचारताना "पांढरा दोन हात" असं स्पष्ट बोल, नाहीतर एका हाताचा रेट सांगितला जाईल आणि प्रिंट करडं येईल.

माझं मत विचारशील तर अक्षरांच्या तीन डिझाइनमधलं एक आत्ता बाजूला ठेव. दोनच ठेव, प्रत्येकी ३०, ती स्क्रीनवर कर. छातीचा लोगो २० आणि पेंटिंग २०, असे १०० होतात. तीन डिझाइन काढायचा मोह मला कळतो, सगळंच आवडतं असतं, पण पहिल्या लॉटला जितकी डिझाइन जास्त तितके न खपलेले साइज जास्त उरतात आणि तुमचे पैसे एकदाच लावण्यापुरते आहेत असं तूच लिहिलंयस.

स्क्रीनच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट धरून ठेव, क्युअरिंग, म्हणजे शाई तापवून पक्की करणं. टी-शर्टवर साधारण जी शाई वापरतात ती प्लॅस्टिसॉल, ती हवेवर कधीच सुकत नाही, कितीही दिवस ठेवली तरी. तिला साधारण १६० डिग्री सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि ते वरवर नाही, शाईच्या पूर्ण थराला तळापर्यंत तेवढं तापमान मिळायला हवं. तापमान मोजायची लेझरची गन फक्त वरच्या पृष्ठभागाचं सांगते, त्यामुळे गनवर १६० दिसलं म्हणून तळ शिजला असं होत नाही, आणि तुझ्यासारख्या जाड २४० च्या कापडाला तापायला वेळ जास्त लागतो. अर्धवट क्युअर झालेलं प्रिंट हातात घेतल्यावर अगदी कोरडं, मस्त लागतं आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात त्याला तडे जातात. ओळखायचं कसं, तर टी-शर्ट पूर्ण निवल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ओढ, अंदाजे दीडपट. सोडल्यावर शाई परत जागेवर आली तर ठीक, कोरड्या चिखलासारख्या भेगा पडल्या तर माल ताब्यात घेऊ नकोस, परत ड्रायरमधून काढायला सांग, बऱ्याचदा तेवढ्यानं वाचतो. जाताजाता, उद्या कधी ऑरगॅनिकचं जीओटीएस सर्टिफिकेट घ्यायचा विचार असेल तर त्यात पीव्हीसीवाली प्लॅस्टिसॉल चालत नाही, तेव्हा वॉटर-बेस्ड शाईवर काम करणारा प्रिंटर शोधावा लागेल.

छोट्या लोगोला डीटीएफच घे, डोळे झाकून. दोन रंग आणि खाली अंडरबेस म्हणजे स्क्रीनला तीन फ्रेम, २० नगांसाठी ते परवडत नाही. डीटीएफमध्ये काय होतं की पीईटी फिल्मवर आधी रंग आणि त्यावर पांढरी शाई छापतात, ती ओली असताना गोंदाची पावडर टाकतात, भट्टीत ती वितळवतात आणि मग फिल्म टी-शर्टवर उलटी ठेवून हीट प्रेसनं दाबतात. कॉटन, पॉलिस्टर, मिक्स, सगळ्यावर बसतं आणि छोट्या आकाराला टिकतंही छान. तुला हे सगळ्यात सोयीचं यासाठी आहे की फिल्म छापून ठेवता येतात, कोरे टी-शर्ट वेगळे ठेवायचे आणि ऑर्डर येईल त्या साइजवर दाबायची, उरलेला टी-शर्ट दुसऱ्या डिझाइनला चालतो. फक्त लोगोत अर्धा मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा सुटे ठिपके असतील तर ते जाड करून घे, तेवढ्याशा जागेवर पावडर पुरेशी धरत नाही आणि तिथूनच सुटायला लागतं. मऊ सावली, ग्लो, विरत जाणारी कड हेही टाळ, मागची पांढरी शाई कडेनं चुकार दिसते.

पण हेच डीटीएफ पेंटिंगला नको, निदान आहे तसं नको. पाठभर चौकोन डीटीएफमध्ये काढलास तर पाठीवर प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवल्यासारखं होतं, हवा जात नाही, घाम साचतो, टी-शर्ट पडतो तसा पडत नाही, आणि घडी घातली की घडीची रेघ दिसते. दुकानात हातात घेतल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा प्रिंटवर बोटं फिरवतं, बघ कधी लक्ष देऊन, त्या एका स्पर्शात त्याचं ठरतं. पेंटिंगसाठी डीटीजीचं सॅम्पल काढ, त्यात शाई थेट कापडात जाते, कॉटनवर हात लावला तर खूपच मऊ लागतं आणि रंगांच्या छटा हळूवार येतात. काळ्यावर डीटीजी करताना आधी प्रीट्रीटमेंटचं द्रावण फवारतात, त्यामुळे पांढरी शाई वर थांबते, नाहीतर ती कापडात बुडून जाते. या द्रावणाचा कधीकधी चौकोनी डाग प्रिंटभोवती दिसतो, बऱ्याचदा तो पहिल्या धुण्यात जातो पण विकायचा माल डागासकट देऊ नये, म्हणून सॅम्पल उजेडात तिरकं धरून बघ. द्रावण कमी पडलं असेल तर पांढरा मळकट येतो, कडा अस्पष्ट, हे दोन्ही प्रिंटरच्या हाताचे दोष आहेत, मेथडचे नाहीत.

आणि डीटीजी कर नाहीतर डीटीएफ, पेंटिंगची फाइल देण्याआधी एक काम कर, त्यातला काळा काढून टाक. टी-शर्टच काळा आहे ना, मग चित्रातल्या गडद रात्रीला, सावल्यांना कापडाचाच काळा वापरू दे. जिथे काळा होता तिथे फाइलमध्ये पारदर्शक. शाई कमी लागते, प्रिंट मोकळं होतं, पत्रा वाटत नाही, आणि छापलेल्या काळ्यापेक्षा कापडाचा काळा खोल दिसतो. याला अर्धा दिवस लागेल पण माझ्या मते तुमच्या पूर्ण लॉटमध्ये सगळ्यात फायद्याचा अर्धा दिवस तोच. फाइल प्रत्यक्ष छपाईच्या मापात ३०० डीपीआय हवी, ट्रान्सपरंट पीएनजी, फोनवरून फॉरवर्ड होत आलेला जेपीजी नको. अक्षरांची डिझाइन व्हेक्टरमध्ये दे, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणाऱ्या फाइलमध्ये. आणि स्क्रीनवर दिसणारे झगझगीत निऑन रंग डीटीजीत किंवा साध्या चार रंगांच्या डीटीएफमध्ये तसे येत नाहीत, ते हवेच असतील तर स्क्रीनला वेगळी फ्लुरोसंट शाई मिळते.

जर्सीचं आत्ता डोक्यातून काढ, पण पुढे कामाला येईल म्हणून थोडक्यात. पॉलिस्टरला सब्लिमेशन, कागदावर छापून साधारण २०० डिग्रीला मिनिटभर दाबतात, रंगाची वाफ होऊन ती धाग्याच्या आत जाते. माझ्या हुडीचं ज्यानं वाटोळं केलं तीच गोष्ट इथे मुद्दाम करतात. हाताला काहीच लागत नाही, तडे जायला वर थरच नसतो. मात्र सब्लिमेशनला पांढरी शाई नाही, म्हणजे कापड पांढरं किंवा अगदी फिकट हवं, आणि काळी जर्सी हवी असेल तर पांढऱ्या कापडावरच काळा छापून मग शिवावी लागते.

मित्राच्या मशीनबद्दल. त्याचा उत्साह मला समजतो आणि त्याला तोडून बोलू नकोस, पण मशीन आत्ता नको. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, थांबली की खाली बसतं, आणि मशीन रोज चाललं नाही तर शाई फवारणाऱ्या हेडची छिद्रं बुजतात. महिन्याला १०० टी-शर्ट काढणाऱ्याचं मशीन बहुतेक दिवस रिकामंच उभं राहणार, आणि ही मशीन बिघडतात ती बऱ्याचदा अशी उभी राहूनच. त्यापेक्षा चांगली हीट प्रेस घ्या आणि फिल्म बाहेरून छापून आणा. प्रेसला साधारण १५० ते १६० डिग्री, १० ते १५ सेकंद, पण नेमका आकडा आणि फिल्म गरम काढायची का थंड हे फिल्मवाल्याला विचारून घ्या, प्रत्येकाची वेगळी असते. दाबायच्या आधी कोरा टी-शर्ट ४-५ सेकंद नुसता दाबा, कॉटन हवेतली ओल धरून ठेवतं आणि ती निघाली नाही तर गोंद नीट बसत नाही. फिल्म निघाल्यावर वर बेकिंग पेपर ठेवून अजून एकदा ५ सेकंद दाबलं की चकाकी जाते आणि कडा पक्क्या होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तिघांपैकी एकानंही तुला सुचवलं नाही असं दिसतंय. धुऊन बघणं. प्रत्येक मेथडचे दोन सारखे टी-शर्ट करून घे, तुझ्याच कापडावर, प्रिंटरच्या कोऱ्या सॅम्पलवर नको. एक कपाटात ठेव. दुसरा पाच वेळा धू, आणि काळजीनं धुवू नकोस, गिऱ्हाईक धुतं तसा धू, प्रिंट बाहेर ठेवून, जीन्सबरोबर, कोमट पाण्यात. डीटीजी किंवा डीटीएफ असेल तर प्रिंट झाल्यावर पहिला दिवस तसाच जाऊ दे आणि मग धू. पाचव्यानंतर दोन्ही शेजारी ठेवून खिडकीपाशी बघ. अक्षरांचे कोपरे नखानं हलकेच उचलून बघ, सुटतात का. ओला पांढरा रुमाल प्रिंटवर दहा वेळा घास, रुमालाला रंग लागतो का बघ, प्रयोगशाळेत आयएसओ १०५-एक्स१२ ची रंग घासण्याची जी चाचणी करतात तीही दहाच फेऱ्यांची असते, कोरडी आणि ओली अशी दोन्ही. मग ओढून बघ. आणि टी-शर्ट घालून एक दिवस काढ, पाठीवर काय वाटतं ते तुझ्या पाठीलाच कळेल.

याला दहा-बारा दिवस जातील, लाँचची तारीख पुढे ढकलावी लागेल, ढकल. तिन्ही प्रिंटरना सांग की सॅम्पलचे पैसे देतो, फुकट मागू नकोस, पैसे देऊन काढलेल्या सॅम्पलला ते खऱ्या ऑर्डरसारखंच वागवतात आणि तुलाही बिनधास्त नापसंत करता येतं. जो प्रिंटर कापडाचं कंटेंट स्वतःहून विचारेल त्याच्याकडे थोडं जास्त काम दे. पाच धुणी झाली की दोन्ही टी-शर्टचा शेजारी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता एक फोटो काढ आणि मला पाठव, पेंटिंगचं डीटीजी का डीटीएफ ते तो बघून ठरवू.